तेरीज जुळली, सूनबाई

चि. सौ. सूनबाईस, काकांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आभार मानले की "काका, त्यात काय एवढं" म्हणून तू विषय उडवून लावतेस. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. शिवाय पेठेतले दोघे-तिघे विचारतायत की हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याखालचा तो जुना कॉम्प्युटरचा डबा रात्रंदिवस घुंई करत का असतो.

तू यायच्या आधी मी काय उद्योग करून ठेवले होते, ते आधी कबूल करतो. जुन्या सॉफ्टवेअरचा विक्रेता दर वर्षी पैसे घ्यायचा आणि अडलं की फोन उचलायचा नाही. वैतागून फ्रंटअकाउंटिंग हे ब्राउझरमध्ये चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, हे मुख्य कारण. डेस्कटॉपवर विंडोजसारखीच उबंटू नावाची सिस्टिम चढवली, ब्राउझरला पानं पुरवणारं अपाचे चढवलं. ब्राउझरमध्ये 'इट वर्क्स!' अशी पाटी दिसली तेव्हा पेढेच आणायचे बाकी होते. पण हिशेबाचं पान उघडलं तर लॉगिनच्या जागी नुसता कोड. दोन रविवार त्यात गेले. तू बघून हसलीस, "काका, हिशेबाचा प्रोग्राम पीएचपी भाषेत लिहिलाय आणि अपाचेला अजून ती वाचताच येत नाही." अपाचेचं पीएचपी मोड्यूल टाकलंस, नोंदी जिथे साठतात त्या मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारं एक्स्टेन्शन टाकलंस आणि पान उघडलं.

मग इन्स्टॉलर अडला. सेटिंगची फाइल लिहिता येत नाही म्हणे. व्हिडिओ बघून शहाणा झालेला मी लगेच बोललो, "७७७ देऊन टाक, म्हणजे सगळ्यांनाच सगळी परवानगी." तुझा तो चेहरा विसरणार नाही. "गोडाऊनची किल्ली तुम्ही दारालाच अडकवून ठेवता का?" अपाचे ज्या युजरच्या नावाने चालतो, त्याच्याच नावे तेवढी जागा केलीस. काम झाल्यावर इन्स्टॉलचं फोल्डर काढून टाकलंस. डेटाबेससाठीही रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरची, चावी न देता या हिशेबापुरता वेगळा युजर केलास. मुनीमजीच्या हातात गल्ला देतात, घराचे कागद देत नाहीत. एवढं मला कळतं.

सोबत आलेली खात्यांची यादी अमेरिकेच्या धर्तीची, वर्ष जानेवारी ते डिसेंबर. ते एप्रिल-मार्च करण्यात आणि १८ टक्क्यांचे सीजीएसटी-एसजीएसटी असे ९-९ भाग बसवण्यात एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधून काहीच उघडेना, कारण राउटरने रात्रीत डब्याचा पत्ता बदलला होता. तो तू कायमचा बांधून टाकलास.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. मी पाइपांचं बिल करताना, सेव्ह दाबतो न दाबतो तोच लाइट गेली. मी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाच्या नावे पडलं आणि विक्री खात्याला जमा झालंच नाही, तर? तू शांतपणे सांगितलंस की डेटाबेसमधली टेबलं इनोडीबी प्रकारची आहेत, त्यात अर्धवट नोंद राहत नाही. नोंदीच्या दोन्ही बाजू उतरतील, नाहीतर एकही उतरणार नाही. लाइट आल्यावर बघितलं, बिल नव्हतंच. अर्धवट काही नाही. पुन्हा केलं. यूपीएस मात्र त्याच दिवशी आणला.

आणि बॅकअप! रात्री साडेनऊला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारा प्रोग्राम, आपोआप डेटाबेस पेनड्राइव्हवर उतरवतो, एवढ्यावर मी खूश होतो. तू म्हणालीस, "उतरवलेलं परत चढतं का, ते कुणी बघितलंय?" वेगळा रिकामा डेटाबेस करून माझ्याच हाताने त्यात ती फाइल चढवायला लावलीस, आणि दोन्हीकडची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, छापून समोर ठेवलीस. बोट ठेवत ठेवत मी खाली आलो. शेवटच्या आकड्यापर्यंत पैसा इकडचा तिकडे नाही. चाळीस वर्षांत वहीची अशी परीक्षा मी कधी घेतली नव्हती. आता दर महिन्याच्या १ तारखेला घेतो.

पाडव्याला वहीपूजनात यंदा डबाही होता. कुंकू लावलं, पण तू बजावल्याप्रमाणे पंख्याच्या जाळीपासून लांब. फुलं लावायला निघालेल्या तुझ्या काकूला मीच अडवलं.

रूटचा पासवर्ड लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवलाय. लिफाफा कुठे आहे ते काकूला माहीत आहे.

तुझे
काका