माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती झाले, चाकरमानी परत गेले, आणि दोनच दिवसांनी आमच्या तिठ्यावर भंगारवाल्याचा टेम्पो उभा दिसला, त्यात तुटक्या खुर्च्या, गंजलेले पत्रे आणि मधे सुतळीने बांधलेले मासिकांचे पाच गठ्ठे. वरती १९५३ चा किर्लोस्कर दिसला म्हणून गाडी थांबवली. दोन गठ्ठे धड होते ते किलोवर घेतले, बाकीचे तीन वाळवीने आतून पोकळ करून टाकलेले, हात लावला तर भुगाच. घरवाल्यांना दोष देत नाही, घर वर्षभर बंद असतं आणि माळा मोकळा करायचा होता एवढंच, पण त्या रात्री झोप लागली नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

मी गेली वीसेक वर्षं १९४० ते १९७० मधली मराठी मासिकं जमवतोय. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर, हंस, मोहिनी, वसंत, सत्यकथा, नाशिकचं अमृत, पोरांचा चांदोबा, जे मिळेल ते. लोक म्हणतात त्यातल्या चांगल्या कथांची पुस्तकं आलीत ना, मग हे जुने कागद कशाला? अहो, पुस्तकं आली नावाजलेल्यांची. एकदाच छापून आलेल्या कुणा शिक्षिकेची कथा, वाचकांची भांडणाची पत्रं, साबणाच्या नि केसतेलाच्या जाहिराती, महायुद्धात कागद मिळेना तेव्हाचे बारीक झालेले अंक, हे सगळं फक्त अंकातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

आणि कोकणात हे अंक इतके सापडतात त्याला कारण आहे. घरातला एक तरी माणूस मुंबईला असायचा, तो वाचून झालेले अंक साठवून गाववाल्याबरोबर बोटीने पाठवायचा. माझ्याकडच्या कितीतरी अंकांवर गिरगावातल्या लायब्ररीचे शिक्के आहेत. आमचे आजोबाही असेच पाठवायचे. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे तीन-चार महिन्यांचे अंक नारळी पौर्णिमेनंतर एकदम यायचे. १९५६ साली त्यातला एक आलाच नाही, आणि नेमकी आजी वाचत होती त्या क्रमशः कादंबरीचा शेवट त्यात होता. तो अंक मला पुण्यात एका रद्दीवाल्याकडे मिळाला, बारा वर्षं शोधल्यावर. आजीला आता दिसत नाही, मी वाचून दाखवला, तिने सगळा शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "माझोच शेवट बरो होतो." इतकी वर्षं तिने शेजारणींना स्वतःच रचलेला शेवट सांगितला होता, हे मला त्या दिवशी कळलं. आता तोही मी वहीत उतरवून त्या अंकात ठेवलाय.

कव्हर गेलेला अंक कुठल्या सालचा हे कळत नाही म्हणून लोक टाकून देतात, तर तसं करू नका. किंमत बघा. आण्यांत असेल तर साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचा, 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते ६४ मधला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आला तर ऑगस्ट १९७२ नंतरचाच.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते कव्हरं फाडण्याचं. चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे, रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, म्हणजे आपल्याच किनाऱ्याची माणसं. दलालांनी १९४५ ला 'दीपावली' सुरू केला, या दोघांची चित्रं बघून घराघरात दिवाळी अंक घेतले जायचे. आज त्यांची कव्हरं कापून फ्रेम करून विकतात, मी एका ठिकाणी अशा फ्रेम बघितल्या आणि विचारलं की आतला अंक कुठाय, तर म्हणे तो रद्दीत गेला. फ्रेम करायची तर कलर झेरॉक्स करा ना! चित्र तेवढंच छान दिसतं. मूळ अंक एकदा फाटला की त्याचं पुढे काही होत नाही.

बांधीव फायलींचंही तेच. माझ्याकडच्या बहुतेक फायलींत बाइंडरने कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलीत. आणि ग्रंथालयांत पुस्तकाला दाखलनंबर असतो, तशी जुन्या मासिकांची कुणी दखल घेत नाही, ती जागेअभावी पहिली बाहेर जातात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, एवढी जुनी ग्रंथालयं आपल्याकडे आहेत. चिपळूणला २००५ आणि २०२१ दोन्ही पुरांत पाणी शिरलं. म्हणून सगळं एकाच ठिकाणी ठेवा असंही मी म्हणत नाही. कुठल्या मासिकाची कुठली वर्षं कुठल्या गावात आहेत एवढी यादी तालुक्याच्या ग्रंथालयांनी मिळून केली तरी खूप झालं. स्कॅनिंग जरूर करा, पण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे सगळंच लगेच लोकांपुढे टाकता येणार नाही, तोवर कागद तर टिकला पाहिजे.

घरी ठेवणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आपल्याकडच्या पावसात आत दमट होऊन बुरशी येते आणि गुळगुळीत कव्हरं एकमेकांना चिकटतात. खाऱ्या हवेत पिना लवकर गंजतात, त्या हलक्या हाताने काढून दोऱ्याने शिवा. सेलोटेप अजिबात नको, त्याचे तपकिरी डाग जन्मभर जात नाहीत. भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी तिथूनच चढते. पाऊस संपला की सावलीत वारा द्या, कडक उन्हात नको, कागद कडकडीत होऊन तुटतो.

आता दिवाळीची साफसफाई सुरू होईल. माळ्यावर ट्रंक असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी गावच्या ग्रंथालयात एकदा विचारा. तिथे नको म्हणाले तर देवगड तालुक्यात कुठेही असा, तुमच्या संपादकांकडून माझा पत्ता घ्या, मी येऊन नेईन, आणि भंगारवाला देईल त्यापेक्षा जास्तच देईन. वाळवी लागलेलेही चालतील.

आपला,
एक वाचक, ता. देवगड