फ्रान्सिस मॅकडॉर्मंडवर एकदा लिहा

माननीय संपादक,

स.न.वि.वि. तुमच्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या नटीवर काही आलं की ते ‘पन्नाशीतही किती तरुण दिसते’ इथून सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथेच संपतं, मला याचं खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितेय. फ्रान्सिस मॅकडॉर्मंडवर एकदा पानभर लिहा ना.

मुख्य भूमिकेसाठी तीन ऑस्कर आहेत तिला, पहिलं मिळालं तेव्हा ती ३९ची, दुसऱ्या वेळी ६०ची आणि २०२१ला ‘नोमॅडलँड’साठी ६३ची, या प्रकारात तिच्या पुढे फक्त कॅथरीन हेपबर्न, चार. लोक म्हणतात नवरा जोएल कोएन दिग्दर्शक म्हणून रोल मिळाले, पण बघा, पहिलं ऑस्कर नॉमिनेशन ‘मिसिसिपी बर्निंग’चं, तो कोएनचा सिनेमा नाही, आणि नंतरची दोन ऑस्करही कोएनच्या सिनेमांची नाहीत.

पहिलं ऑस्कर ज्याला मिळालं तो ‘फार्गो’ मात्र कोएन बंधूंचाच, म्हणजे जोएल आणि त्याच्या भावाचा. त्यात ती छोट्या गावातली पोलीस चीफ, सात महिन्यांची गरोदर, आणि हिरॉईन असून पडद्यावर येते अर्ध्या तासाने! पहाटे खुनाचा फोन येतो, नवरा झोपेतून उठून तिला अंडी करून देतो, मग बर्फात प्रेत बघताना ती एकदम खाली वाकते, आपल्याला वाटतं काही पुरावा सापडला, तर तिला मळमळतंय, आणि दोन क्षणांत सावरून म्हणते आता परत भूक लागली. हे इतकं साधं करते की अभिनय चाललाय हे आपण विसरूनच जातो, मी दोन बाळंतपणं काढलीत, मला तो सीन अगदी घरातला वाटला.

‘नोमॅडलँड’मध्ये व्हॅनमध्ये राहणारी विधवा, वडिलांनी दिलेल्या प्लेट्स दुसऱ्याच्या हातून फुटतात तर ती चिडते आणि मग एकटी बसून तुकडे चिकटवते, त्या वेळी कॅमेरा जवळ असतो आणि चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते.

२०१८ला ऑस्कर घेताना तिने नॉमिनेशन मिळालेल्या सगळ्या बायकांना उभं केलं आणि यांच्याकडे सांगण्यासारख्या गोष्टी आहेत, त्यांच्या सिनेमांना पैसे द्या असं निर्मात्यांना सांगितलं, तेही लिहा.

आणि लेखाबरोबर फोटो ‘नोमॅडलँड’मधलाच छापा, सुरकुत्या एडिट न करता.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक