तिच्या कपड्यांची नोंद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या कायद्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. बँकेत माझी चौतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची पाच अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर. लेखात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आहे, २०१३ चा कायदाही नीट समजावून दिला आहे. अमेरिकेबद्दल मात्र 'तिथल्या स्त्री चळवळीने हा प्रश्न पुढे आणला' एवढं एकच वाक्य आहे. त्या चळवळीत कोर्टाची पायरी चढलेल्या बायका कोण होत्या, हे त्यात आलेलं नाही.

आधी एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी गणपतीत मी लेकीकडे अटलांटाला होते. आरतीनंतर मोदकांची ताटं हातात घेऊन मंडळी बसली होती. लेकीच्या कंपनीतला विषय निघाला. तिची वरिष्ठ कृष्णवर्णीय आहे, इंजिनिअर, हाताखाली साठ माणसं. एक चांगला शिकलेला मराठी मुलगा सहज म्हणाला, "ती वर कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बायका तशाच असतात." दोघं-तिघं हसले. मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून मला टोचतं.

रात्री भांडी आवरताना लेक म्हणाली, "आई, तिच्या खुर्चीवर बाराही महिने एक काळा कोट असतो. बाहेर उन्हाने जीव जात असला तरी मीटिंगला जाताना ती तो घालते आणि गळ्यापर्यंत बटणं लावते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तू बिनबाह्यांचं घातलंस तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मी घातलं तर कामाचं कोणी बोलत नाही, कपड्यांचंच बोलतात."

ते ऐकताना मला मिशेल विन्सन आठवली. तीही कृष्णवर्णीय. तिचा खटला समितीच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवला होता. १९७४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका बँकेत ती शिकाऊ टेलर, म्हणजे काउंटरवरची रोखपाल, म्हणून लागली. पुढे टेलर, मुख्य टेलर, सहायक शाखा व्यवस्थापक. या बढत्या निव्वळ गुणवत्तेवर मिळाल्या, यावर कोर्टात कोणाचा वादच नव्हता. शाखा व्यवस्थापक आपल्यावर वर्षानुवर्षं शरीरसंबंधाची जबरदस्ती करत होता आणि नोकरी जाईल या भीतीने आपण सोसलं, असं तिने शपथेवर सांगितलं. १९८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की असा छळ हा कायद्याने भेदभावच आहे, आणि ती 'राजी' होती का यापेक्षा ते वर्तन तिला नकोसं होतं का, हे पाहायचं. 'नकोसं वर्तन' हा शब्द विशाखाच्या निकालातही आहे. पण त्याच अमेरिकी निकालात असंही लिहिलं आहे की तक्रारदार बाईचे कपडे आणि बोलणं हा पुरावा म्हणून विचारात घेता येईल. इतकी मोठी लढाई जिंकली, तरी तिच्या कपड्यांची नोंद कागदावर राहिलीच.

'त्या तशाच' हे आलं कुठून? व्हर्जिनियात १६६२ मध्ये कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे गुलाम बाईला मालकापासून झालेलं मूलही गुलाम, मालकाच्या मालमत्तेत भर. मिसुरीत सीलिया नावाच्या गुलाम मुलीने वर्षानुवर्षं अत्याचार करणाऱ्या मालकाला १८५५ मध्ये ठार केलं. कोणत्याही स्त्रीवर बळजबरी करणं हा त्या राज्यात गुन्हा होता, पण त्या 'कोणत्याही स्त्री'त गुलाम बाई धरली गेली नाही. सीलियाला फाशी झाली. बाईच 'तशी' ठरवली की गुन्हा उरत नाही आणि मालकाची अब्रूही शाबूत राहते.

हे जुनं झालं म्हणावं, तर १९९१ आहेच. अनिता हिल, कृष्णवर्णीय, शेतकऱ्याच्या तेरा मुलांत शेवटची, येल विद्यापीठातून वकील झालेली, कायद्याची प्राध्यापक. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी निवडल्या गेलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांनी, वरिष्ठ असताना आपल्याशी केलेलं अश्लील बोलणं तिने सिनेट समितीपुढे सांगितलं. थॉमस स्वतः कृष्णवर्णीय, समितीतले चौदाही पुरुष गोरे. तू झिडकारलेली बाई आहेस का, असं तिला दूरचित्रवाणीवर सगळ्या देशादेखत विचारलं गेलं. थॉमस यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी झाली. पुढच्याच महिन्यात १,६०३ कृष्णवर्णीय स्त्रियांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली. आमच्यावरच्या लैंगिक अत्याचाराची या देशाने कधी गांभीर्याने दखल घेतली नाही, आम्हालाच कायम चवचाल ठरवलं, असं त्यात होतं.

आपली मुलं तिथे जातात, अशाच बायकांच्या हाताखाली काम शिकतात आणि गणपतीपुढे बसून तेच वाक्य बोलतात. हे मी लिहिते आहे, कारण तो मुलगा वाईट नाही. घरी आई आजारी पडली तेव्हा रजा काढून आला होता. त्याने ते वाक्य कुठून तरी ऐकलं आणि तसंच पुढे ढकललं. हा मजकूर छापून आला तर कात्रण मी लेकीकडे पाठवणार आहे. तो पुन्हा आरतीला येईल, तेव्हा ती ते त्याच्या हातात देईल.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी या कायद्याबद्दल लिहाल तेव्हा 'तिथल्या स्त्री चळवळीने' असं लिहून थांबू नका. त्या सहायक शाखा व्यवस्थापकाचं नाव छापा. मिशेल विन्सन.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली