चाक फिरताना दिसलं पाहिजे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

लग्नांच्या फोटोंच्या जोडीला मोटरस्पोर्टचे, म्हणजे गाड्यांच्या शर्यतींचे फोटो काढायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून खरंच आनंद झाला. कोणती लेन्स घेऊ, असं विचारलं आहेस. सध्या एकही घेऊ नकोस. तुझ्याकडची ७०-२०० एमएम एफ/२.८ लेन्स कार्टिंगला (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) आणि मोटोक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइकच्या शर्यती) पुरते. कमी पडली तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा १.४ पटीचा कन्व्हर्टर लाव. एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, पण हातात २८० एमएम एफ/४ येते. १५०-६०० एमएम लेन्सचा विचार मोठ्या ट्रॅकवर जायला लागल्यावर कर.

लेन्सच्या आधी एक सवय मोडावी लागेल. लग्नात हललेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. इथे काहीच हललेलं नसेल, तर फोटो निर्जीव होतो. शटर १/२००० सेकंदावर ठेवून धावती गाडी टिपलीस की चाकाचे आरे मोजता येतात आणि गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. हिशोब करून बघ. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १/१००० सेकंदात गाडी ५ सेंटिमीटर सरकते. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला, तर चाक जेमतेम ९ अंश फिरतं. १/१२५ ला तेच ७२ अंश फिरतं, आणि आरे एकमेकांत मिसळून जातात. वळणावर ताशी पन्नासने येणाऱ्या कार्टला मात्र १/१२५ ला तेवढी गती दिसत नाही, तिथे १/६० लागतं. थोडक्यात, शटर स्पीड पाठ करायचा नसतो, समोरच्या वेगावरून ठरवायचा असतो.

आता पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं. पाय रोवायचे ते जिथे शटर दाबणार त्या दिशेला तोंड करून. मग फक्त कमरेतून मागे वळ, येणारी गाडी लांबूनच फ्रेममध्ये घे आणि तिच्याबरोबर वळत ये. कोपर अंगाला चिकटलेले हवेत. शटर दाबल्यावरही कॅमेरा फिरताच ठेव. बहुतेकांचा हात नेमका शटरच्या क्षणी थबकतो आणि फोटो तिथेच बिघडतो. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे हाताची थरथर थोपवणाऱ्या सोयीला, पॅनिंगचा मोड असेल, अनेक लेन्सवर तो मोड २ असतो, तर तोच लाव. साध्या मोडमध्ये ते तुझं फिरणंही थोपवायला बघतं. पहिले काही फेरे १/५०० वर काढ, मग १/२५०, मग १/१२५. थेट १/३० वर उडी मारलीस तर चूक कुठे होते तेच कळणार नाही.

जागेची एक गोष्ट नीट समजून घे. सरळ रस्त्यालगत उभा राहिलास तर गाडी समोरून जाताना तुझ्या दृष्टीने ती वळत असते. आधी नाक दिसतं, मग बाजू, मग शेपूट. म्हणून हात कितीही सफाईदार असला तरी संथ शटरला गाडीचा एकच भाग शार्प येतो, दुसरं टोक पुसतं. तू जितका जवळ, तितकं जास्त. वळणाच्या आतल्या बाजूला, वर्तुळाच्या मध्याजवळ सुरक्षित जागा मिळाली, तर गाडी पूर्ण वळणभर एकच बाजू दाखवत राहते आणि नाकापासून शेपटीपर्यंत शार्प मिळते. मोटरसायकलस्वारही आतल्या बाजूलाच झुकतो, त्यामुळे हेल्मेट तुझ्याकडे येतं. फोकस तिथेच, हेल्मेटवर.

फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या गाडीच्या मागे सतत राहणारा ठेव आणि तो शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दे. मोटोक्रॉसच्या उडीला हे फार उपयोगी पडतं. उंचवट्यामागून बाइक अचानक वर येते, कॅमेऱ्याला तिला शोधायला वेळच मिळत नाही. म्हणून उंचवट्याच्या कडेवर आधीच फोकस करून अंगठा उचल आणि हेल्मेट वर आलं की शटर दाब. इथे १/१००० चालतं, कारण उडालेली मातीच वेग दाखवते. फक्त फ्रेममध्ये जमीन राहू दे. नुसत्या आकाशात टांगलेली बाइक किती उंच उडाली ते कोणालाच कळत नाही.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/६० ठेवलंस तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/२० च्या आसपास इतकं बारीक होतं. सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण तेव्हा दिसतो आणि फोटो मऊ पडतो. तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, लावला की एफ/७ वर येतोस. पोलरायझर दीड-एक स्टॉप खातो, पण काचेवरची चकाकी कमी होऊन आतला चालक दिसतो. दुपारी डांबरावरून उठणाऱ्या गरम हवेने फोटो थरथरल्यासारखा येतो, त्याला मात्र फिल्टर नाही. जवळ जा, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांब.

लग्नात तू आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरतोस. इथे ते बंद कर. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तोवर गाडी पुढे सरकते आणि चाकं अंडाकृती, तिरकी होतात. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिगचा फ्रेंच ग्रां प्री शर्यतीतला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा फोटो आठव. त्यात चाक पुढे कललंय आणि प्रेक्षक उलट दिशेला. तेव्हाच्या शटरची फट संथ सरकायची, म्हणून तसं झालं. त्या फोटोवर माझा जीव आहे, पण गिऱ्हाइकाला वाकडं चाक चालत नाही.

सुरक्षिततेचं कळकळीने सांगतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहू नकोस, घसरलेली गाडी तिकडेच येते. ट्रॅककडे पाठ करायची नाही, खाली बसायचं नाही, मागे निघायची वाट आधी बघून ठेवायची. कॅमेऱ्याला न लावलेला दुसरा डोळा उघडा ठेवायला शीक. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सत्र थांबलं. मार्शलने (ट्रॅकवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने) हटायला सांगितलं की फोटो सोडून हट. कानात इअरप्लग हवेतच. चालकाच्या तोंडावर फ्लॅश कधीही नको.

प्रवेशपत्र नसेल तर जाळीमागून काढ. लेन्स तारेला जवळजवळ टेकव, ॲपर्चर पूर्ण उघड आणि तारेवर ऊन पडत नसेल अशी जागा शोध. तार विरून जाते.

कामाची रीतही वेगळी आहे. लग्नात एक घर तुझं गिऱ्हाईक असतं, इथे प्रत्येक स्पर्धकाला स्वतःचा फोटो हवा असतो. सरावाच्या सत्रातच यादी हातात घेऊन प्रत्येक क्रमांकाचा एक स्वच्छ फोटो मिळव, क्रमांक वाचता येईल असा. तेवढं झालं की १/३० चे प्रयोग कर. फोटो त्याच संध्याकाळी द्यावे लागतात. आणि पिटमध्ये, गाड्या तयार होतात तिथे, ३५ एमएम लेन्स घेऊन जरूर जा. हेल्मेट चढवण्याआधीचा चेहरा टिपणं तुला कोणी शिकवायला नको, लग्नांत तेच करत आलास.

पहिल्या दिवसाचे फोटो मला पाठव, टाकून द्यायचे ठरवलेलेसुद्धा. पुसट वरखाली असेल तर तू कमरेऐवजी गुडघ्यांतून हलतोयस. आडवं असेल तर वेग जुळलेला नाही. आणि गाडीपेक्षा मागचं कुंपणच शार्प असेल, तर हात थबकला होता. ते मूळ फाइल बघूनच ओळखता येतं, म्हणून लहान करून पाठवू नकोस.

तुझा,
विनय