जीज बेंडच्या आत्यांना, मनापासून थँक्यू

आत्या, नमस्कार.

तिकडे सगळे वयाने मोठ्या बायकांना मॅम म्हणतात म्हणून मी पण तुम्हाला तेच म्हणत होते, पण बाबांनी तुमच्या पिकअपमध्ये बसल्या बसल्या तुम्हाला अक्का म्हणायला सुरुवात केली, म्हणजे तुम्ही माझ्या आत्याच झालात. तुमच्या नातवाच्या फोनवर इंग्लिशमधून वेगळं पाठवलंय, पण हे मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहायचं होतं, कारण अमेरिकेतलं अलाबामा राज्य म्हटलं की आपल्या लोकांना हंट्सव्हिलची रॉकेटं माहीत असतात, बर्मिंगहॅम माहीत असतं, तुमचं जीज बेंड जिथे आहे ती विलकॉक्स काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) कुणालाच माहीत नसते.

त्या दिवशी आम्ही नदीच्या एका काठाला कॅमडेनला गाडी लावून फेरीबोटीने पायीच पलीकडे जीज बेंडला आलो होतो, बाबांना पाण्यावरून जायचं होतं म्हणून. दुपारनंतर हवा बिघडली, फेरी बंद झाली, आणि बाबांचं इन्सुलिन कॅमडेनला गाडीत. समोर नदी, पलीकडचा काठ दिसतोय आणि जायला काही नाही. तुम्ही धक्क्यापाशी आम्हाला बघितलंत, काय झालं विचारलंत आणि पुढचा प्रश्न न विचारता घरी नेलंत, बाबांना काय चालतं काय नाही ते नीट विचारून शिजवलेला पाला आणि मक्याच्या पावाचा छोटा तुकडा दिलात आणि मग किल्ली घेऊन आम्हाला रस्त्याने कॅमडेनला सोडायला निघालात. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. ह्या वयात, परतीचा अंधार समोर असताना. थँक्यू आत्या. बाबांची शुगर त्या रात्री ठीक होती ती तुमच्यामुळे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अलाबामा नदी आमच्या मॉन्टगोमेरीपासून सेल्मावरून खाली येते आणि विलकॉक्समध्ये असं मोठं वळण घेते की जीज बेंडच्या तीन बाजूंना पाणीच पाणी. कागदोपत्री गावाचं नाव बॉयकिन. फेरीने कॅमडेन पंधरा-वीस मिनिटं, आणि रस्त्याने गेलं तर आधी वर अल्बर्टापर्यंत जायचं, मग वळसा घालून मिलर्स फेरी नावाच्या ठिकाणच्या पुलावरून नदी ओलांडायची, जवळपास चाळीस मैल, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. तासभर तर लागतोच. कोर्ट, ऑफिसं, दुकानं सगळं कॅमडेनला.

आणि ही फेरी 1962 साली बंद केली होती. गावातली कृष्णवर्णीय माणसं मतदार यादीत नाव घालायला कॅमडेनच्या कोर्टात जायला लागली आणि फेरी गेली. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. 1965 सुरू झालं तेव्हा ह्या काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि मतदार यादीत त्यांच्यातलं एकसुद्धा नाव नाही, एकसुद्धा! त्याच वर्षी फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला आले. फेरी परत सुरू झाली 2006 साली. चव्वेचाळीस वर्षं. त्यात किती माणसं आजारी पडली असतील, किती बाळंतिणी त्या रस्त्याने गेल्या असतील, हे मी अल्बर्टाच्या वळणावर मनात मोजत होते आणि तुम्ही शांतपणे गाडी चालवत होतात. आता ती फेरी बॅटरीवर चालते, 2019 पासून, त्याचा तुम्हाला किती अभिमान आहे तेही दिसलं.

बाबांना सगळ्यात लागली ती 1932 ची गोष्ट. कॅमडेनचा एक व्यापारी गावाला उधारीवर माल द्यायचा, तो वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीला माणसं पाठवली, त्यांनी जनावरं, अवजारं, मका, रताळी, जे हाताला लागलं ते नेलं. बाबा म्हणाले सावकारी सगळीकडे सारखीच. मग सरकारने जमीन विकत घेतली, घरं बांधली आणि चाळीसच्या दशकात ती जमीन तिथल्याच कुटुंबांना विकत दिली, आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच फिरते, कारण आजूबाजूला वाट्याने शेती करणाऱ्यांना मतदानाचं नाव काढलं की मालक जमिनीवरून हाकलून द्यायचा, जीज बेंडच्या लोकांना असं कोण हाकलणार, सातबारा त्यांच्याच नावावर! सातबारा म्हणजे काय ते बाबांनी तुम्हाला समजावून सांगितलं, मी ट्रान्सलेट करून करून दमले पण तुम्हा दोघांचं चालूच होतं.

मिलर्स फेरीच्या पुलावर तुम्ही गाडी हळू केलीत आणि सांगितलंत की ह्या धरणाच्या पाण्यात गावाची सगळ्यात चांगली, नदीकाठची जमीन गेली. मागे बाबा एकदम गप्प झाले. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे आत्या, साधारण त्याच काळात गेलं, बाबा लहान होते, मग सांगली जिल्ह्यात पुनर्वसन. आम्हा भावंडांना त्यांनी ह्याबद्दल कधी धड सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं. आंब्याची झाडं, देवळाची पायरी, आजीने दार ओढून घेतलं ते, सगळं मी त्या पुलापासून कॅमडेनपर्यंत पहिल्यांदा ऐकलं आणि तुम्हाला इंग्लिशमध्ये सांगत राहिले. इन्सुलिनइतकेच ह्याचे पण आभार.

आणि क्विल्ट, म्हणजे गोधडी. जीज बेंडच्या बायकांच्या क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या, 2006 मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली हे मी वाचून आले होते, पण तुमच्या पलंगावरची हातात धरल्यावरच कळलं. जुन्या जीनच्या गुडघ्याचा न विटलेला चौकोन, खिसा उसवल्यावर राहिलेली गडद निळी खूण, हे सगळं तसंच ठेवून जोडलेलं, अगदी आमच्या आजीच्या लुगड्या-धोतरांच्या वाकळेसारखं. जीज बेंडच्याच मिझुरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली, ते तुम्ही अगदी घरातलं असल्यासारखं सांगितलंत. पेटवे हे आडनाव तिथल्या जुन्या मळेमालकाचं, त्याने गुलाम करून ठेवलेल्या माणसांना चिकटलेलं, आणि आज जगात ते ओळखलं जातं ते ह्या बायकांच्या सुईदोऱ्यामुळे. मला हे फार मोठं वाटतं.

मॉन्टगोमेरीच्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं, सेल्माला जाता तसं पुढे विलकॉक्सला पण जा, क्विल्ट घ्यायची तर तिथे जाऊन बायकांकडूनच घ्या, घासाघीस करू नका, एकेका क्विल्टमागे किती बैठक असते ते बघून या. आणि निघण्याआधी फेरी चालू आहे ना ते विचारून घ्या.

बाबा आता सांगलीला पोचलेत. रोज विचारतात अक्कांना फोन केलास का. आईने तुमच्यासाठी तिच्या जुन्या सुती साड्या काढून ठेवल्यात, धुऊन, इस्त्री करून, माझ्या भावाबरोबर येतील. काठ कापून टाकायचे की शिवणीत घ्यायचे ते तुम्ही ठरवा, आईचं म्हणणं घ्यावेत.

तुमची भाची,
मॉन्टगोमेरीहून