गॅस मिळेल, पण हार्मोनचे काय?

संपादक महोदय,

गेल्या पंधरवड्यात आपल्या ठाणे पुरवणीत सांडपाण्यापासून गॅस तयार करणाऱ्या टाक्यांविषयी लेख आला होता. त्याचे कात्रण आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागले आणि चारच दिवसांत एका कंपनीचा प्रतिनिधी माहितीपत्रक घेऊन कमिटीपुढे हजर झाला. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला राहतो. आठ इमारती, आणि दोन नंबरच्या इमारतीखाली बिल्डरने बांधून दिलेला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र. त्यातल्या टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल हा आमच्या प्रत्येक सभेतला भांडणाचा विषय. प्रतिनिधी म्हणाला, "ब्लोअर काढूनच टाका. हवा न लागणारे जिवाणू काम करतील, वर गॅस मिळेल, आणि पाण्यातले हार्मोनसुद्धा शंभर टक्के जातील." सभेत टाळ्या पडल्या. त्याचे हार्मोनविषयीचे शेवटचे म्हणणे खरे नाही, म्हणून हे पत्र.

मी तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यातली बरीचशी सांडपाण्याचे नमुने तपासण्यात गेली. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन घेतात ते सांगणाऱ्या बीओडी चाचणीच्या बाटल्या २७ अंशांवर तीन दिवस ठेवायच्या, तोच अंदाज रसायनाने देणाऱ्या सीओडीचे फ्लास्क दोन तास उकळायचे, लिटरच्या नळकांड्यात गाळ अर्ध्या तासात किती खाली बसतो ते पाहायचे. हवाबंद टाकीशी माझे वैर नाही. गावाकडचा गोबर गॅस म्हणजे तीच टाकी. नेदरलँड्समधल्या लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात तिला जे रूप दिले, ते यूएएसबी या नावाने आपल्याकडे आले; कानपूरला जाजमऊ येथे गंगा कृती योजनेत दिवसाला ५० लाख लिटर पाणी घेणारा असा प्रकल्प उभा राहिला. आपले पाणी बारा महिने कोमट असते, ते या जिवाणूंना मानवते. सांडपाण्यातला मोठा भार ते खातात, वीज जवळजवळ लागत नाही, गाळही कमी होतो. हे सगळे खरे आहे. पण त्या टाकीतून बाहेर पडलेले पाणी तसेच सोडता येत नाही. उत्तरेतल्या यूएएसबी प्रकल्पांनाही पाणी आणखी साफ करायला पुढे तळी जोडावी लागली.

आता हार्मोन. लघवीतून बाहेर पडणारे हार्मोन सुटे नसते. शरीराने त्याला साखरेच्या जातीचा किंवा सल्फेटचा एक तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे ते निष्क्रिय असते. गटारातले ई. कोलायसारखे साधे जिवाणू त्यातला साखरेचा तुकडा सहज तोडतात आणि एसटीपीच्या तोंडाशी येईपर्यंत बरेचसे हार्मोन पुन्हा जागे झालेले असते. हवाबंद टाकीत एस्ट्राडायोल या मुख्य स्त्री-हार्मोनचे एस्ट्रोन होते. अहवालात 'एस्ट्राडायोल घटले' असे दाखवायला ते सोयीचे. पण एस्ट्रोन हेही हार्मोनच, थोडे सौम्य इतकेच, आणि त्याच टाकीत त्याचे उलटे एस्ट्राडायोलही होऊ शकते. रेणूचे जे कडे माशाच्या शरीरात नेमके जाऊन बसते, ते फोडायला बहुतेक जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. गर्भनिरोधक गोळीतले इथिनाइल एस्ट्राडायोल तर हवाबंद टाकीत जवळजवळ जसेच्या तसे राहते. काही पाण्याबरोबर जाते, काही गाळाला चिकटते, आणि तोच गाळ आपण खत म्हणून बागेत टाकतो.

ऑक्सिजनवाचून काम करणारा एक जिवाणू आहे, डेनिट्रॅटिसोमा. त्याची नोंद २००६ मध्ये झाली. तो एस्ट्राडायोल पचवतो, पण त्याला ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट लागते. घरगुती सांडपाण्यात नायट्रेट जवळपास नसतेच. अमोनियाचे नायट्रेट होते ते हवा दिलेल्या टाकीत. म्हणजे ब्लोअर काढले की ती वाटही बंद. काही औद्योगिक साबणांची गोष्ट तर याहून अवघड. त्यांतून तयार होणारे नॉनिलफिनॉल शरीरात हार्मोनची नक्कल करते, आणि हवाबंद टाकीत ते घटण्याऐवजी साचते. १९८४ मध्येच स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी गाळात ते दाखवून दिले आहे.

सभेत एक जण म्हणाले, "एवढ्याशा गोळीने काय होतं?" हिशेब करून पाहू. माला-एन या गर्भनिरोधकाच्या एका गोळीत इथिनाइल एस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम असते. आमच्याकडे रोज येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर घ्या आणि त्यात दोन गोळ्या विरघळवा. लिटरला ६ नॅनोग्रॅम झाले (नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग). कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ पासून तीन उन्हाळे एका प्रायोगिक तळ्यात ५ ते ६ नॅनोग्रॅम एवढेच प्रमाण राखले. नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि तळ्यातली लहान मासळी जवळजवळ संपली. हार्मोन टाकणे थांबवल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा वाढली, हेही सांगते, कारण त्यातूनच मला उमेद वाटते.

दुसरे एक सभासद लगेच म्हणाले, "म्हणजे हे सगळं बायकांच्या गोळ्यांमुळे." मला ते फार लागले. सांडपाण्यातले बहुतेक इस्ट्रोजेन (या स्त्री-हार्मोनांच्या गटाचे नाव) नैसर्गिक असते, बायकांचे आणि पुरुषांचेही. गरोदर बाईच्या लघवीत ते अनेक पटींनी जास्त असते, आणि तबेल्यातल्या म्हशींच्या मुतातही असते. पाळणा लांबवता आला म्हणून माझ्या पिढीच्या कितीतरी जणी शिकल्या, नोकरीला लागल्या. मीही त्यांतलीच. गोळीवर खापर फोडू नका, टाकी नीट चालवा.

ती नीट चालत नाही हे मला माहीत आहे. रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद ठेवण्याचा आमच्याकडे तोंडी आदेश आहे. सकाळी रॅम्पवर सडक्या अंड्यांचा वास येतो. चांगल्या गाळाला पावसानंतरच्या मातीचा वास असतो. ऑपरेटर मला म्हणाला, "मॅडम, बिल कमी आलं की शाबासकी मिळते. पाणी कसं आहे ते कोणी विचारत नाही." हार्मोन फोडणारे जिवाणू हळू वाढतात. गाळ टाकीत दहा-बारा दिवस तरी मुरावा लागतो आणि हवा अखंड लागते.

अहवालात यातले काहीच दिसत नाही. २०१७ च्या अधिसूचनेत एसटीपीच्या पाण्यासाठी चारच गोष्टी आहेत: सामू (पीएच), बीओडी, तरंगणारे कण आणि मैल्यातले जिवाणू. हार्मोनचा रकानाच नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांवर असे सूक्ष्म अंश काढायला ओझोन किंवा कार्बनची जादा पायरी सक्तीची केली. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात अशा पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला. औषध कारखान्याच्या पगारावर घर चालवलेल्या मला हे न्याय्य वाटते.

माझे माहेर कोलशेतचे. वडील खाडीतून बोय आणि चिंबोऱ्या आणत. ओहोटीला चिखलात उड्या मारणारे निवटे मोजणे हा आम्हा पोरांचा खेळ होता. मासळी घटली त्याला भराव, प्लास्टिक, रसायने अशी पुष्कळ कारणे आहेत, सगळे हार्मोनच्या माथी मारणार नाही. पण आमच्या एसटीपीचे फ्लश आणि बागेतून उरलेले पाणी नाल्याने त्याच खाडीला जाते.

येत्या रविवारच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. हवाबंद टाकी जरूर घ्या, पण पहिली पायरी म्हणून. तिच्यामागे हवेची टाकी ठेवा. भार आधीच उतरल्याने ब्लोअर लहान लागेल आणि बिल तसेही कमी येईल. आणि कंपनीने आत येणारे पाणी, बाहेर जाणारे पाणी आणि गाळ या तिन्हींचा एस्ट्रोनसकट अहवाल द्यावा. महागडे यंत्र परवडत नसेल तर माणसाच्या पेशीत इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक घातलेल्या यीस्टची चाचणी आहे. हार्मोनची क्रिया असेल तर तिचा रंग पिवळ्याचा लाल होतो. अहवाल मिळाला तर मी तो आपल्याकडे पाठवीन. नाही मिळाला तर तसेही कळवीन.

आपली,
एक निवृत्त केमिस्ट
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)