खबर वर जाते, खाली येत नाही

महोदय,

कोरची तालुक्यात मी १४ वर्षांपासून पोलीस पाटील आहे. आमच्या जंगलापलीकडे छत्तीसगड लागते. मागे एकदा मोहफुलाच्या हंगामात तिघे अनोळखी तरुण तांदूळ मागत फिरले. त्याच रात्री मी ठाण्यात कळवले. पलीकडच्या गावातल्या माझ्या साळ्यानेही दोन दिवस आधी तिकडे हेच सांगितले होते. दोन्ही खबरा एकमेकींना भेटल्या का, आजवर कळले नाही.

कारगिलनंतर २००१ मध्ये आयबीचे (केंद्राच्या गुप्तचर विभागाचे) मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांच्या खबरा एकत्र करणारे केंद्र, उभे राहिले, राज्याराज्यांत त्याची केंद्रे झाली. दिल्ली-मुंबईची तार जुळली, चांगलेच झाले. पण १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने ज्याच्यावर खबर देण्याचे काम टाकले, त्याला उलट निरोप कोण देतो? १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. कुरखेड्याच्या वाटेवर अजूनही तिथे छातीत धस्स होते.

दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या ठाणेदारांनी महिन्यातून एकदा इकडचे पोलीस पाटील आणि तिकडचे कोटवार (गावचे राखणदार) एकत्र बसवावेत. खबऱ्याचे नाव मात्र कागदावर येऊ नये. आमच्याकडे नाव फुटले की माणूस जिवाला मुकतो. म्हणून माझेही छापू नका.

– एक पोलीस पाटील, जि. गडचिरोली